सावलीतला सहावा पट्टा

मुलींचे खेळ ही अत्यंत जबाबदारीची गोष्ट असल्यामुळे ती मुलींवर सोपवता येत नाही. म्हणून माध्यमिक शाळांतल्या मुलींच्या क्रीडास्पर्धांसाठी एक नियामक समिती आहे. तिच्यात नऊ जागा आणि आठ पुरुष आहेत. (नववी जागा महिलेसाठी राखीव असून, योग्य महिला मिळेपर्यंत त्या खुर्चीवर उपाध्यक्ष आपली पिशवी ठेवतात.) सभासदांपैकी धावण्याचा अनुभव एकट्या चिटणिसांना आहे, तोही सुटत्या बसमागचा.

खेळाच्या बाईंना समितीबद्दल आदर होता. सगळी नोकरी मुलींना पळायला शिकवण्यात गेल्यामुळे त्या स्वतः थांबायला उत्तम शिकल्या होत्या. स्पर्धेच्या दिवशी उजाडताच त्यांनी मैदानावर चुन्याने धावपट्टीचे सहा पट्टे आखले. कंबर धरली, पण रेघ कुठे वाकली नाही.

यंदा त्यांचा जीव अंतिम शर्यतीत अडकला होता, तो खारीमुळे. दहावीतली ही मुलगी वर्गात एका जागी ठरत नसे, म्हणून अख्खी शाळा तिला खार म्हणायची. पहिली येणारीच पुढच्या स्पर्धेला जाणार होती. खारीच्या वडिलांनी घरी स्पष्ट सांगितलं होतं, पहिली आलीस तर पळ, नाहीतर उद्यापासून पळणं बंद. निकाल डोळ्यांनी बघावा म्हणून ते खास रजा काढून आले होते आणि पालकांच्या तिसऱ्या रांगेत बसले होते.

समितीचा एकमेव लेखी नसलेला, म्हणूनच कधीही न मोडलेला नियम असा, की मान्यवर आणि पालक उन्हात बसणार नाहीत. सकाळी शाळेच्या इमारतीची सावली मैदानाच्या मध्यापर्यंत पोचते, तेव्हा खुर्च्या मैदानाच्या मध्यात असतात. भाषणं सुरू झाली की सावली इमारतीकडे मागे सरकते. (सावलीला भाषणं ऐकण्याची सक्ती नाही.) तिच्यामागोमाग खुर्च्या सरकतात, आणि इमारत नि मैदानाचा मध्य यांच्या मधोमध धावपट्टी आहे.

बाई अध्यक्षांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाल्या, “साहेब, शर्यत आधी उरकू या का? भाषणं मागून होतील.”

“बाई,” अध्यक्ष समजुतीने म्हणाले, “शर्यत झाल्यावर भाषणाला कोण थांबेल?”

भाषणं सुरू झाली. भाषणांचा विषय मुलींची झेप हा होता. दर भाषणानंतर मुली झेप घेत आणि मान्यवरांचे सोफे उचलून सावलीत नेत. उपाध्यक्ष तर उठायचे कष्ट न घेता सोफ्यासकट जात. स्वागताध्यक्षांच्या वेळी पहिला पट्टा खुर्च्यांखाली गेला, प्रमुख पाहुण्यांनी दुसरा आणि तिसरा घेतला. आभार मोजकेच होते, त्यांत फक्त एक पट्टा गेला.

उरले दोन. अंतिम फेरीत मुली सहा. समितीने उभ्या उभ्या ठराव केला, की मुलींनी दोघी-दोघींनी धावावं आणि घड्याळ काय ते ठरवेल. अडचणीतून मार्ग काढल्याबद्दल अध्यक्षांनी समितीचं अभिनंदन केलं. ज्यांच्यामुळे अडचण आली त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

खारीची जोडी शेवटची, पट्टा सहावा, इमारतीला अगदी लागून. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “नजर रेघेवर ठेव. इकडे तिकडे बघायचं नाही.”

ती पळाली. बाईंनी इतक्या वर्षांत असं पळणं पाहिलं नव्हतं, आणि ते पाहणाऱ्या त्या जवळजवळ एकट्याच होत्या, कारण तेवढ्यात नाश्त्याच्या बश्या आल्या होत्या. वळण घेऊन खार शेवटच्या सरळ टप्प्यात शिरली. नेमकं त्याच वेळी तिसऱ्या रांगेवर ऊन आलं. तिचे वडील उठले. माणूस शिस्तीचा, खुर्ची फरपटवली नाही. दोन्ही हातांनी उचलली, मागे सावलीत नेली, सहाव्या पट्ट्यात नीट ठेवली आणि बसले.

खार त्यांना वळसा घालून गेली. तरीही घड्याळात तिचीच वेळ सगळ्यांत कमी होती.

समितीने खेद व्यक्त करून तिला बाद केलं. धावपटूने कोणत्याही कारणाने पट्टा सोडता कामा नये, असा नियम आहे. खुर्चीने पट्ट्यात येऊ नये असा नियम नाही. बाईंनी तसं विचारलं, तेव्हा चिटणिसांनी पुस्तक चाळून खात्री करून घेतली.

खार खाली बसली. बूट काढून तिने बाईंच्या हातात दिले.

“मी म्हटलंच होतं,” तिचे वडील जवळ येऊन म्हणाले, “पोरीचं लक्ष नसतं. नाकासमोर पळायचं सोडून मध्येच वळली.”

“तुम्ही कुठे बसला होतात?” बाईंनी विचारलं.

“मी? सावलीत.”

पुढच्या वर्षीसाठी समितीने सुधारणा सुचवली आहे. धावपट्टीचा खुर्च्यांना अडथळा होतो, म्हणून ती मैदानाबाहेर हलवावी. सूचना पालकांच्या सभेत ठेवली गेली आणि एकमताने मंजूर झाली.

हे वाचून समितीची चीड आली असेल, तर ती जरूर व्यक्त करावी. आरामात बसूनच करावी. फक्त त्याआधी एकदा खाली वाकून आपल्या खुर्चीचे पाय पाहावेत. चुना लागला असेल तर ओल्या फडक्याने लगेच निघतो.