नाव गुप्त राहील

"एक वेळ नाईल उलटी वाहील, पण तक्रार करणाऱ्याचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही," असं डॉ. शुक्रींनी भर बैठकीत ठणकावून सांगितलं आणि गोड मिशब्बकचा तुकडा तोंडात टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला कुणाच्या बापाचं काय जातं!

डॉ. शुक्री म्हणजे दमिएताहून निघणाऱ्या 'खारी माती' या त्रैमासिकाचे संपादक. आजवर लेखचोरीची तक्रार आली की ते चोरालाच कॉफीला बोलवत, दोघं मिळून हसत आणि तक्रार केराच्या टोपलीत जाई. पण यंदा संशोधन-नियतकालिकांची मान्यतायादी ठेवणाऱ्या परदेशातल्या बड्या मंडळींनी कळवलं की लेखचोरीबद्दल लेखी धोरण नसेल तर तुमचं त्रैमासिक आम्ही यादीत मोजणार नाही. झालं! डॉक्टरांनी डोकं खाजवून खाजवून धोरण लिहिलं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत मिळेल, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहील, आणि नाव फुटलं तर संपादकाला खुर्ची सोडून जावं लागेल. हे शेवटचं कलम त्यांनी निव्वळ ऐटीत घातलं होतं. मग सगळं चौकटीत घालून भिंतीवर टांगलं.

पहिलीच तक्रार घेऊन आली रबाब. प्राध्यापक नजमींच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी. तीन वर्षं मन्झाला सरोवराकाठच्या शेतांत गुडघाभर चिखल तुडवून तिने मातीतल्या खारेपणाची मापं घेतली होती. तीच मापं वसंतातल्या अंकात छापून आली, नजमी आणि त्यांच्या जावयाच्या नावावर. जावई दातांचा डॉक्टर! त्याचा मातीशी संबंध बुटांपुरता. रबाबचा स्वतःचा लेख पुढच्या अंकासाठी घेतलेला होता आणि तो छापून आल्याशिवाय तिला प्रबंध देता येणार नव्हता. आता तो छापला असता तर जगाच्या लेखी चोर तीच ठरली असती.

"सर, मी बोलले हे त्यांना कळलं तर ते मला प्रयोगशाळेत पाय ठेवू देणार नाहीत," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या मूळ नोंदी तिथल्याच संगणकात आहेत."

"मुली, भिंतीवर काय लिहिलंय ते वाच," डॉक्टर म्हणाले.

नाव त्यांनी स्वतः खोडलं. जाड काळी शाई, वर दुसरा हात. कागद खिडकीशी धरून पाहिला, काही दिसेना. तेव्हा कुठे प्रत नजमींकडे रवाना झाली.

दुपारी नजमींचा फोन आला. माणूस चिडला असता तर बरं झालं असतं, पण आवाजात नुसता मध. "शुक्री, नाव छान खोडलंस. पण 'मी एकटीच शेतावर जात होते' असं कोण म्हणतंय रे? माझ्या हाताखाली बाई एकच आहे."

डॉक्टरांची बोबडी वळली. त्यांनी पान अन् पान तपासलं होतं, पण 'जात होते'कडे लक्षच गेलं नव्हतं. तोंडाला येईल ते बोलून गेले. म्हणाले, टाइप करणाऱ्या मदाम इन्शिराह बाईमाणूस, त्यांचा हात आपसूक तसाच वळतो. मूळ पत्र वेगळं आहे, लगेच धाडतो. नजमी म्हणाले, धाड की.

मग डॉक्टर घाम पुसत बसले आणि 'होते'चं 'होतो' केलं, 'एकटी'चा 'एकटा' केला. उत्साहाच्या भरात एके ठिकाणी माती खारी होती, तीही 'खारा होता' झाली. प्रत गेली आणि त्यांनी हुश्श केलं.

आता नजमींच्या हाताखाली बुवाही एकच होता, सफवत. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी पिऊन वर आभार मानणारा जीव. नजमींनी हिशेब केला, एक तक्रार बाईची आणि एक बुवाची. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या.

सफवत संपादकांच्या दारात येऊन उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, मी काय तक्रार केली आहे ती मला वाचायला मिळेल का?"

डॉक्टर म्हणाले, प्रत फक्त आरोपीला मिळते. सफवतने आभार मानले आणि गेला.

तेव्हा मात्र डॉक्टरांना मनापासून लाज वाटली. त्रैमासिक चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकांकडे जाऊन सगळं कबूल करावं म्हणून ते जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. तिथे त्यांना ऐटीत घातलेलं ते कलम आठवलं. ते तसेच मागे फिरले आणि नजमींच्या उत्तराची वाट पाहत बसले.

उत्तर आलंच नाही, आली ती नवी तक्रार. पुढच्या अंकातल्या रबाबच्या लेखातले आकडे वसंतातल्या अंकातून जसेच्या तसे उचललेले आहेत म्हणे! अख्ख्या पत्रात 'मी' म्हणून नाही. 'असे निदर्शनास आले आहे', 'असे दिसून येते'. कुठे 'म्हणतो' नाही, कुठे 'म्हणते' नाही. डॉक्टरांनी दोनदा वाचून पाहिलं. मेल्याने एक फट ठेवली नव्हती. त्यांनी खालचं नाव काळं केलं, नियमाप्रमाणे लेख अंकातून बाजूला काढला आणि रबाबला बोलावलं.

तिने उभ्याउभ्याच वाचलं. "हे आकडे माझे आहेत, सर. तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, मूळ नोंदी दाखव म्हणजे झालं.

"किल्ली त्यांच्याकडे आहे."

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. रबाबने खालच्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "ही तक्रार कुणी केली, एवढं तरी तुमच्या तोंडाने सांगा."

डॉक्टरांना सांगायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"ते सांगता येत नाही, मुली," ते म्हणाले. "नाव गुप्त असतं."