हिरव्या खुणेचं कारलं

वडिलांची साखर तीन महिन्यांत खाली आणून दाखवते, असं दामिनीनं अकोल्याच्या कॉलेजातल्या ग्रंथालयात तीन सहकाऱ्यांच्या साक्षीनं जाहीर केलं होतं. वडील वामनराव राहायला अमरावतीला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि डॉक्टरांचा एकच हेका: साखर दोनशेच्या आत आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. तोवर वामनराव पेपर नाकाला लावून वाचत होते, आणि परवा तर दारात आलेल्या बकरीला त्यांनी "या, बसा" म्हटलं होतं.

दामिनीची योजना फोनमध्ये होती. घरपोच किराणा पाठवणारं एक अॅप तिला सापडलं होतं. तब्येतीला चांगल्या वस्तूपुढे ते हिरवी खूण दाखवी, वाईट वस्तूपुढे लाल. मैदा शोधला की "त्याऐवजी हे घेऊन पाहा" म्हणून ओट्स पुढे करी. दामिनीनं अमरावतीचा पत्ता टाकला आणि दर रविवारी अकोल्यात बसून आईवडिलांची टोपली भरू लागली. कारली, मेथी, पालक, मूग, ओट्स. साखर, मैदा, शेव एकदम बंद. अॅपनं टोपलीला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले. ते तिनं ग्रंथालयात सगळ्यांना दाखवले.

महिन्यानं तपासणी झाली. साखर दोनशे तीस होती, ती दोनशे साठ झाली.

"बाबा, भाईर काई खाल्लं काय?" तिनं फोनवर विचारलं.

"मले समोरचा माणूस दिसत नाई. मी भाईर जाऊन काय खातो?"

हे पटण्यासारखं होतं. कारली कमी पडत असावीत असा अर्थ लावून दामिनीनं सगळं दुप्पट केलं. साखर दोनशे नव्वद झाली. तिनं तिप्पट केलं. अॅपनं शंभरपैकी शंभर गुण दिले आणि साखर तीनशे वीसवर गेली.

तेव्हा मात्र ती सकाळच्या गाडीनं अमरावतीला आली आणि चप्पल काढून थेट फ्रिज उघडला. आत अर्धं लिंबू होतं.

"आई, परवा पाच किलो कारली आली. कुठी गेली?"

पार्वताबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "इतकं कारलं दोन माणसं खातात काय? सडून राहिलं होतं. हलीमाबीले दिलं."

"अन् ओट्स?"

"तेबी तिकडंच. तुह्या बाबाले करून दिलं, तं म्हणे, पोस्टर चिकटवाची खळ हाये."

तेवढ्यात शेजारच्या हलीमाबीच दारात आल्या. हातात एकावर एक रचलेले तीन डबे. "पार्वताबाई, तुमचे डबे घ्या."

दामिनीनं वरच्या डब्याचं झाकण काढलं. गाजराचा हलवा. तूप कडेनं सुटलेलं, वर काजू. दुसऱ्यात शेवयांची खीर. तिसरा उघडायचं तिला धाडस झालं नाही.

"चाची, हे काय?"

"आता दुसऱ्याचं भांडं खाली वापस करते काय कोणी?" हलीमाबी ओट्यावर टेकल्या. "बरं झालं तू भेटली. पहिले एक डबा भाजी येत होती, मी एक भरून देत होती. मंग दोन. आता तीन-तीन. गोड करू करू माहे हात गळून आले, बेटा. जरा कमी पाठवत जा न."

"चाची, बाबाले शुगर हाये."

हलीमाबींनी आत खाटेवर बसलेल्या वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी दिसत नसलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"वामनभाऊ, तुमी तं बोलले नाई कधी."

"तुमी इचारलं नाई," वामनराव म्हणाले. "अन् घरी आलेला डबा वापस करतो काय मी? चांगलं दिसते काय ते?"

"आमच्या यायलेबी होती न शुगर," हलीमाबी म्हणाल्या. यायले म्हणजे त्यांच्या यजमानांना, इनायतुल्लांना. "तुमचं कारलं खाऊन एकशे चाळीसवर आली. मंगळवारी डोयाचं आपरेशन हाये त्यायचं."

ऑपरेशन वामनरावांच्याच डॉक्टरकडे होतं.

दामिनीनं तिथंच हलीमाबींना बाजूला नेलं आणि पाच मिनिटं हळू आवाजात बोलली. मग घरात येऊन सांगितलं, की आजपासून ऑर्डर बंद, तुमचं तुम्ही पाहा. वामनराव म्हणाले, बरं झालं. पुढच्या रविवारपासून टोपली तीच राहिली, फक्त पत्ता शेजारचा झाला. हलीमाबी चणाडाळ घालून कारलं करू लागल्या आणि त्यातलं अर्धं डब्यात घालून पलीकडे पाठवू लागल्या. घरी आलेला डबा वामनराव परत करत नसत.

दीड महिन्यानं साखर एकशे ऐंशीवर आली. ऑपरेशनची तारीख मिळाल्याचं सांगायला वामनरावांनी स्वतः फोन केला.

"दामिनी, एक सांगू? राग नको मानू. तू पाठवत होती ते कारलं काई कामाचं नव्हतं. हलीमाबी कुठून आणते, ते दुकान इचारून घे."

"इचारते," दामिनी म्हणाली.