एका चुलीचा क्लास

सकपाळ सरांचा कोड वाचताना पोरांना आंबेनळी घाटातल्यासारखी गाडी लागते. स्क्रीन खाली सरकवत राहायची, क्लास काही संपत नाही.

सर महाडच्या आमच्या कॉलेजात गणित शिकवतात, अलीकडे प्रोग्रॅमिंगही. मी त्यांच्याच विभागात. प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या नोटबुकात कोड तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या सेलमध्ये लिहितात; एकेक सेल चालवून बघता यावा म्हणून. सरांना हे मान्यच नाही. त्यांचा 'म्हैस' नावाचा क्लास आहे; क्लास म्हणजे कोडमध्ये एका नावाखाली बांधलेली सगळी कामं. तिचं चरणं, डुंबणं, दूध देणं, मारकेपणा, सगळं एकाच सेलमध्ये. एक कोलन राहिला की अख्खी म्हैस बसते. मग सर स्क्रीनवर फूटपट्टी धरून ओळ न् ओळ तपासतात.

एका मुलीने डुंबणं दुसऱ्या सेलमध्ये नेलं, तर सर तिचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. "बघा बाई, हिने चूल वेगळी केली."

त्या चुलीचं दुखणं मला ठाऊक होतं. पोलादपूरच्या वरच्या वाडीत सरांचं घर. वडील गेल्यावर धाकट्या दत्तूने चूल वेगळी मांडली. चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती थोरल्याच्या घरी एकच, अशी रीत. पण सरांनी बोलावलं नाही, म्हणून दत्तू आला नाही. आला नाही, म्हणून पुढच्या वर्षीही बोलावलं नाही. "त्याने आधी यावं," एवढंच सर म्हणायचे आणि चहा गार करायचे.

यंदा गणपतीच्या सुट्टीआधी मीच त्यांच्या नोटबुकात हात घातला. नव्या सेलमध्ये पुन्हा 'म्हैस' लिहिलं, कंसात आधीची 'म्हैस' दिली आणि खाली फक्त डुंबणं ठेवलं. चालवलं. म्हैस डुंबली, दूधही दिलं.

सर खुर्ची ओढून बसले. "म्हणजे पयलं काय तुटत नाय?"

"नाही सर. नाव तेच, जुनं सगळं राहतं. फक्त आधीचा सेल आधी चालवावा लागतो. तो चालला नाही, तर दुसऱ्याला काही करता येत नाही."

सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "आधीच्याने आधी," ते म्हणाले आणि फूटपट्टी खणात ठेवून दिली.

सुट्टीनंतर त्यांनी माझ्यासमोर करंज्यांचा डबा उघडला. निम्म्या नेटक्या, कडा कातलेल्या. निम्म्या जाडजूड, एकीचं सारण बाहेर डोकावत होतं.

"या जाडजूड कुणी केल्या?"

"दत्तूच्या बायकोने. मी गणपतीला बोलवायला नारळ घेऊन गेलो, तर दार उघडंच होतं बाई. म्हणाला, दादा, किती उशीर केलास रे." सरांनी डबा माझ्याकडे सरकवला. "चुली अजून दोनच हायत. ऱ्हाऊ दे."

मी जाडजूड करंजी आधी उचलली. गूळ जरा जास्तच होता.