एका मिनिटाचा हात

आमच्या आर्णीत गजभिये डॉक्टरांशी हात मिळवायचा तर पूर्ण एक मिनिट मोकळं हवं. ते हात धरून ठेवतात आणि समोरच्याच्या छातीकडे बघत राहतात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा हात असा धरला, की आहेराची रांग मांडवाबाहेर गेली. नाडी बघतोय असं भासवून ते श्वास मोजत असतात. सांगून मोजलं तर माणूस श्वास वेगळाच घेतो, हे त्यांचं म्हणणं. मध्येच कोणी बोललं की, "थांब ना बाप्पा, मोजणी चुकते."

माझं औषधाचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागून, म्हणून मला हे रोजचं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी गावात कोणीही खोकलं की खापर फवारणीवर. शकूरभाई मेकॅनिकही ताप अंगावर काढत तेच म्हणायचा. डॉक्टरांनी गॅरेजातच त्याचा ग्रीसचा हात धरला.

"अठ्ठावीस. चाल दवाखान्यात."

"फवारणीचं हाय, डॉक्टरसाब."

"तू कवा केली फवारणी? तुह्याजवळ तं तुळशीएवढीबी जमीन नाही."

दवाखान्यात पाठीवर उजवीकडे, खाली, स्टेथोस्कोप टेकवला तर कानाशी केस चोळल्यासारखा आवाज आला. एक्सरेत तिथंच पांढरा डाग. न्यूमोनिया.

"बीपी बरा हाय, घरीच गोळ्या घे. पण श्वास तीसवर गेला तं यवतमाळले भरती."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि शकूरभाईनं गोळ्या सोडल्या. डॉक्टरांना कळलं तेव्हा तो जीपखाली झोपून नट आवळत होता. त्यांनी पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

"काहून बंद केल्या?"

"ताप गेला ना."

"ताप गेला, जंतू बसून हायेत. तोंड उघड."

गिऱ्हाइकांसमोर गोळी गिळवली. मग रोज दुपारी त्याच्या घरी जाऊन, गोळी पोटात गेल्याशिवाय हलायचे नाहीत.

कोर्स संपला, छाती साफ झाली. दुसऱ्या दिवशी मी ताकदीचं औषध द्यायला शकूरभाईकडे गेलो, तर दारात डॉक्टर उभे.

"अब क्या बाकी है, साब?" शकूरभाई धास्तावला.

डॉक्टरांनी पिशवीतून डबा काढला. नजर चपलांकडे.

"बायको वारल्यापासून घरी एकट्याले घास उतरत नाही. इतले दिवस तुमच्या घरून गेलो का भूक लागे. इथंच बसून जेवू का?"

शकूरभाईच्या बायकोनं, भाभींनी, सतरंजी अंथरली आणि डब्यातलं गार वरण, न विचारता, गरम करायला आत नेलं.