आंब्याच्या बिअरचं गाऱ्हाणं

बाळा घाडीने त्या रविवारी बायकोला अर्धंच खरं सांगितलं. पूर्ण खरं सांगायला वेळ लागला असता आणि पूर्ण खोटं त्याला जमत नसे. तेव्हा अर्धं.

"स्टॅनलीकडे राखण दिवची आसा, येतंय," असं म्हणून त्याने पांढरा सदरा चढवला, टोपी घातली आणि आनंदीने पुढचं विचारायच्या आत साकव ओलांडून तो रस्त्याला लागला. राखण म्हणजे जागेच्या राखणदार देवाला द्यायचा मान.

स्टॅनलीकडे म्हणजे स्टॅनलीच्या बारमध्ये, एवढं सांगायचं राहून गेलं. (स्टॅनलीचं घर बारच्या मागेच आहे. मध्ये एक भिंत. म्हणजे बाळाचं खोटं भिंतीएवढंच होतं.)

बाळाचं नाव मालवणपासून आचऱ्यापर्यंत होतं ते गाऱ्हाण्यासाठी. देवापुढे उभं राहून दुसऱ्याचं मागणं खणखणीत आवाजात मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे गाऱ्हाणं. नवी होडी असो, नवी विहीर असो, नारळ बाळाच्या हातात. त्यातही दारू सोडवण्याचं गाऱ्हाणं घालावं ते त्यानेच. दर सोमवारी बायका आपापल्या नवऱ्यांना धरून देवळात आणत. आवाज हे त्याचं कारण नव्हे. बाळा स्वतः एके काळी असा पीत असे, की त्याला घरी आणायला हातगाडी लागे. मग एका सोमवारी त्याने सोडली ती कायमची. आनंदीने सांगितलं होतं, पुन्हा वास आला तर मी माहेरी आचऱ्याला जाईन आणि म्हशीला घेऊन जाईन. म्हशीसाठी सोडली, असं बाळा लोकांना सांगत असे.

तर असा माणूस त्या संध्याकाळी बारची पायरी चढला.

झालं होतं असं. स्टॅनलीचा भाचा आग्नेल पुण्याला एका लहानशा बिअरच्या कारखान्यात कामाला होता. तिथे दर मोसमात निराळी बिअर काढायचे. त्या वर्षी, म्हणजे २०१० साली, स्टॅनलीच्या परसातला हापूस पेंढ्यात बसून एसटीने पुण्याला गेला आणि मे महिन्यात बिअर होऊन पिंपातून परत आला. वर्षातून एकदाच निघणारी आणि निघाली ती एवढीच. बाटली नाही, नळ. स्टॅनलीने दारात फळा लावला: 'हापूस बिअर. नळाची. संपेपर्यंत.' मे महिन्यात घरच्या नळाला पाणी नसलेली सगळी वाडी बिअरचा नळ बघायला जमली.

नळातून फेस आला. दुसरा ग्लास धरला, फेस. तिसरा, चौथा, सगळा फेस. लाइट दुपारपासून गेलेली. पिंप तापलेलं. बंदरावरचा बर्फ लाँचींनी मासळीसाठी उचललेला. आग्नेलने फोनवर सांगितलं, बर्फात ठेव आणि लाइट येईपर्यंत हात लावू नको. पण हात न लावता गप्प बसणं हा स्टॅनलीचा स्वभाव नव्हता. त्याने फाटकाजवळच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, मेणबत्ती लावली. फेसच. मग जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, की मागच्या सुरंगीच्या झाडाखालच्या राखणदाराला पहिला ग्लास दिलाच नाही, जागा त्याची आणि तोच उपाशी, मग बिअर येणार कशी. स्टॅनलीला पटलं. त्याचा बापसुद्धा वर्षाला एक बाटली त्या सुरंगीखाली ठेवत असे. बाळाला बोलावणं गेलं.

आत सत्यवान बसला होता. त्याच्या बायकोने, जानकीने, दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचं गाऱ्हाणं ठरवलं होतं. उद्या सोडायचीच आहे तर आज मागे ठेवायची कोणासाठी, म्हणून तो दुपारपासून बाटलीतली संपवत होता. बाळाला बघून तो अदबीने उभा राहिला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर दिसावा तसा.

बाळाने टोपी सारखी केली, नारळ हातात घेतला आणि पिंपापुढे उभा राहिला.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या जाग्येच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा."

"स्टॅनलीन आज ह्या पिंप पुण्यासून आणल्यान. पयलो ग्लास तुका दिवचो रवलो. ती चूक पदरात घे..."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्यो जो काय फेस येता, तो आड कर आणि त्येच्या जाग्यार बिअर येवंदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इतका मनापासून आलेला 'व्हय' बाळाने देवळात कधी ऐकला नव्हता. त्याला जरा वाईटच वाटलं.

आता नारळ. होडीचं गाऱ्हाणं असेल तर नारळ होडीच्या नाळीवर फुटतो, ट्रकचं असेल तर बंपरवर, पंपाचं असेल तर पंपावर. ज्याचं गाऱ्हाणं त्याच्यावर नारळ, ही रीत बाळाने जन्मात मोडली नव्हती. त्याने नारळ कपाळाला लावला आणि पिंपाच्या माथ्यावर सगळा जोर लावून हाणला.

नारळ फुटला नाही. माथ्यावरचा पितळी नट फुटला.

बिअरची चिळकांडी छतापर्यंत गेली. स्टॅनलीची वर्षाची पुंजी डोळ्यांदेखत उडताना बघून बाळाला राहवलं नाही. त्याने पुढे होऊन दोन्ही तळवे भोकावर दाबून धरले. (असं करू नये. ते त्याला नंतर आग्नेलनेही सांगितलं.) आता सगळी बिअर बोटांच्या फटींतून थेट त्याच्या तोंडावर येऊ लागली.

बाळाने ओठ मिटले. दात दातांवर घट्ट रोवले. म्हैस डोळ्यांपुढे आली.

पिंपातली बिअर वर ढकलणाऱ्या गॅसचं नळकांडं टेबलाखाली, स्टॅनलीच्या पायाशी होतं. त्याची चावी फिरवली की काम झालं. हे एकट्या बाळालाच दिसत होतं, आणि सांगायचं तर तोंड उघडायला हवं. हात गुंतलेले. मग तो मानेने दाखवू लागला, पाय आपटू लागला, नाकातून हूं हूं करू लागला.

"अवसार इलो," कोणीतरी म्हणालं.

अंगात देव आला म्हटल्यावर सगळ्यांनी हात जोडले. स्टॅनलीने चपला काढल्या आणि काय चुकलं ते सांगण्याची विनंती केली. बाळाने जोरात पाय आपटून नळकांड्याकडे मान केली. स्टॅनलीला वाटलं, देव पाया पडायला सांगतोय. त्याने लोटांगण घातलं. त्याच्या पोटाखाली नळकांडं पार दिसेनासं झालं. सत्यवान मात्र तीर्थ म्हणून आ वासून चिळकांडीखाली उभा होता. त्याच्यामागे रांग लागली. त्या बारमध्ये तेव्हा मिटलेलं तोंड एकच होतं.

पिंप संपलं तेव्हा देव अंगातून गेला. लगेच लाइट आली. पंखा फिरू लागला आणि नळातून उरलीसुरली ग्लासभर बिअर आली, स्वच्छ, पिवळीजर्द, फेसाचं नाव नाही. ती स्टॅनलीने दोन्ही हातांनी नेऊन सुरंगीखाली ठेवली. तिच्यावर दुसरा कोणी हक्क सांगितला नाही.

साक्षीदार हवा म्हणून बाळाने सत्यवानाला बरोबर घेतलं. ही त्याची आणखी एक चूक. आनंदी अंगणात उभी होती. बाळा साकवावर असतानाच वास तिच्यापर्यंत पोचला होता.

"राखण दिलास?"

"दिलंय."

"सगळी आंगावरच?"

मग बाळाने उरलेलं अर्धं खरं सांगितलं. नट सांगितला, चिळकांडी सांगितली, लोटांगण सांगितलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की हे दुसऱ्या कोणी आपल्याला सांगितलं असतं तर आपण त्याला तसाच देवळात नेला असता.

"वयनी, देवाशपथ सांगतंय," सत्यवान म्हणाला, "हो एक थेंबव पिऊक नाय. मी सगळा बघितलंय." एवढं बोलून साक्षीदार गोठ्याच्या कुडाला टेकला आणि कुडासकट खाली बसला.

बाळाने आधी म्हशीकडे बघितलं. दावं सोडलेलं नव्हतं.

"सकाळी सत्यवानाचा गाऱ्हाणा आसाच," आनंदी म्हणाली. "त्येच्या वांगडा तुमचाव घालूया."

"अगो, पण मी पिऊक नाय."

"मगे सोडूक सोपा जातला."

सोमवारी देवळात हीऽऽ गर्दी. अख्खा बार आंघोळ करून आला होता. नारळ एक, दारुडे दोन. गाऱ्हाणं घालणारा दुसरा कोणी नाही, म्हणून ते बाळालाच घालावं लागलं. सत्यवानाचं नीट झालं. मग त्याने घसा खाकरला.

"आणि ह्यो जो कोण बाळा घाडी, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

पुढचं तो काय बोलला ते त्यालाही ऐकू आलं नाही. आवाज पहिल्यांदाच फुटला. समोर त्या सगळ्या बायका होत्या, ज्यांच्या नवऱ्यांची त्याने सोडवली होती. त्या त्याच्याकडे कीव करून बघत होत्या. बाजूच्या घरची तुळसा आनंदीचा हात धरून म्हणाली, की देव आहे, हळूहळू सुटेल. नारळ मात्र या खेपेला दगडावर होता, तो एका फटक्यात फुटला.

घरी येऊन बाळा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायला उठला नाही. आनंदी अंगणातल्या दगडावर त्याचा सदरा धूत होती.

"आंब्याचो वास जाणा नाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुमी पिऊक नाय होतास, ता माका कालच कळला."

बाळा वळला.

"तुमी पिलास काय आयेची आठवण काढून रडतास. काल रडूक नाय. उलट म्हशीकडे बघितलास."

"मगे चार माणसांत माका कित्याक उभो केलंस?"

"सत्यवान एकटो येऊक तयार नाय होतो. जानकी काल सकाळी हय येवन रडली. तो म्हणता, बाळा माझ्या वांगडा उभो रवलो तर येतंय, नायतर नाय."

"आणि माझा नाव?"

"तुमचा नाव धुवन वाळत घालूचा काय?" आनंदीने सदरा झटकला. "जानकीच्या उपेगी पडला. फुडल्या सोमवारी तुळसाचो घोव येता. तोव एकटो येवचो नाय."

बाळा उठून जेवायला बसला.

पाऊस लागेपर्यंत बाळा घाडीने दर सोमवारी दारू सोडली. त्याच्याइतक्या वेळा दारू सोडलेला माणूस सगळ्या किनारपट्टीवर दुसरा नसेल. सत्यवान अजून शुद्धीवर आहे. स्टॅनलीने पिंपाला लाकडी झाकण करून घेतलंय, नारळासाठी.

ती बिअर चवीला कशी होती, हे वाडीत एकट्या बाळाला ठाऊक नाही. आनंदीने सदरा पिळताना बोट चाटून बघितलं होतं. ती म्हणते, बरी होती.