दहा गुणांचा जावई

खेळाडूची किंमत त्याच्या खेळावरून ठरते, नात्यागोत्यावरून नाही. अहमदपूरच्या हॉकी संघाचं हे पहिलं आणि एकमेव तत्त्व होतं. संघमालक शेषेरावांनी ते लिलावाच्या दिवशी सकाळी माईकवरून जाहीर केलं आणि दुपारी, जेवणं आटोपल्यावर, स्वतःच्या जावयाला दिवसातल्या सगळ्यात मोठ्या बोलीने विकत घेतलं.

मन्याड-मांजरा हॉकी लीग म्हणजे अहमदपूर, निलंगा, देगलूर आणि नांदेड या चार संघांची उन्हाळी स्पर्धा. ती टीव्हीवरचे लिलाव पाहून सुरू झालेली, त्यामुळे तिच्यात हॉकीपेक्षा लिलाव जास्त. प्रत्येक संघाला मानधनाचे शंभर गुण. त्यांत सगळे खेळाडू बसवायचे. बेरीज शंभराच्या वर गेली की संघ बाद. शेषेरावांचा जावई सुदर्शन हा नांदेडला एका शाळेत क्रीडाशिक्षक आणि उमेदीतला गोलकीपर. त्याची मूळ किंमत दहा गुण. पुकारा झाला, शेषेराव "दहा" म्हणाले, पुढे कोणी बोललं नाही. खरं तर तिथेच संपायला हवं होतं.

पण शेजारी सृष्टी बसली होती. माहेरी सुट्टीला आलेल्या लेकीने बापाकडे असं काही पाहिलं, की शेषेरावांच्या तोंडून आपोआप "पंधरा" निघालं.

"मालक, मागची बोली तुमचीच हाय की," पुकारणारा म्हणाला.

"असू द्या. वीस."

पुढे त्यांना थांबता येईना. कोणी स्पर्धेत नसताना त्यांनी बोली चाळीसपर्यंत नेली आणि स्वतःला चारी मुंड्या चीत करून जावई जिंकला. सृष्टीने टाळ्या वाजवल्या. उरलेल्या साठ गुणांत शेषेरावांनी दहा खेळाडू बसवले. त्यांतले दोघे धावू शकत होते.

परिणाम लगेच दिसला. अहमदपूरवर कोणाला गोल करता येईना, कारण सुदर्शन खरोखरच चांगला होता. आणि अहमदपूरला कोणावर गोल करता येईना, कारण ते करायला कोणी नव्हतं. लागोपाठचे सगळे सामने शून्य-शून्य सुटले. एसटी स्टँडजवळच्या व्यंकटीच्या हॉटेलात रोज संध्याकाळी यावर चर्चासत्र भरे. मैदानावर येणाऱ्यांपेक्षा तिथे गर्दी मोठी. सुदर्शनची खरी किंमत पंचवीस की तीस, गोलकीपरवर किती खर्च करावा, गुडघ्याचं वय जन्मतारखेपासून मोजावं की पहिल्या पेनल्टी कॉर्नरपासून, यावर लोक भज्यांच्या प्लेटी संपवत. ज्याने आयुष्यात स्टिक धरली नव्हती, त्याचं मत सर्वांत ठाम असे.

या मंडळींचे म्होरके होते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नरसिंगराव. लीगचे नियम त्यांनीच लिहिले होते आणि ते मोडणाऱ्याची ते डोळ्यांत तेल घालून वाट पाहत. शेषेरावांचे ते चाळीस वर्षांचे मित्र, म्हणून टीका करण्याचा पहिला मान त्यांचा.

"शेषेराव, तुम्ही भाड्याच्या खोलीला चांदीचं कुलूप लावलंत," ते म्हणाले. "कुलूप लई भारी हाय. पण आत काय हाय?"

"जावई हाय ते आमचे," शेषेराव म्हणाले.

"घरी. मैदानावर ते चाळीस गुण हायत. निलंग्याकडे मलप्पा हाय, फॉरवर्ड, तोही चाळीसचाच. त्यांच्याकडे गोलकीपर न्हाई, आपल्याकडे गोल न्हाई. अदलाबदल करून टाका. तत्त्व तुम्हीच सांगितलं होतं, माईकवरून."

माईकचा उल्लेख शेषेरावांना झोंबला. त्यांनी तिथूनच निलंग्याच्या संघमालकीण सिद्धम्मा यांना फोन लावला. सिद्धम्मांचा गुळाचा धंदा होता, त्यामुळे त्या गोड बोलत आणि भाव सोडत नसत. मलप्पा चाळीसला न्या, त्या म्हणाल्या; पण तुमचा गोलकीपर मी दहालाच धरीन. घेणाऱ्याने किंमत ठरवायची, असा नियमच होता. मोकळ्या झालेल्या तीस गुणांत त्यांना आणखी दोन फॉरवर्ड घ्यायचे होते. अख्खं हॉटेल शेषेरावांकडे पाहत होतं. ते "बरं" म्हणाले. त्यांनी फोन खिशात ठेवेपर्यंत नरसिंगरावांनी लीगच्या ग्रुपवर टाकलंही होतं: सुदर्शन, अहमदपूरकडून निलंग्याकडे, गुण दहा.

शेषेराव शीळ वाजवत घरी आले. केवळाबाई स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. ओसरीवर चांदीचं निरांजन, शर्ट-पँटचं कापड आणि तांब्याचं ताट मांडून ठेवलेलं.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"कशाला म्हणजे? धोंड्याचा महिना चालू हाय की. ऐतवारी जावयाला बोलवायलो न्हाई का आपण?"

शेषेरावांची शीळ अर्ध्यात थांबली. तीन वर्षांनी एकदा येणारा अधिक महिना. सासुरवाडीने जावयाला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, चांदीच्या दिव्यासकट वाण द्यायचं, वर नमस्कारही करायचा; कारण या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्या नारायणाला त्यांनी नुकतंच मलप्पाच्या बदल्यात निलंग्याला पाठवलं होतं.

त्यांनी ते शक्य तितक्या हळू सांगितलं. केवळाबाईंनी डाळीचं सूप खाली ठेवलं.

"धोंड्याच्या महिन्यात लोक जावई घरी आणून राहिलेत," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही इकून आले?"

तेवढ्यात सृष्टीचा फोन आला. ती आठवड्यापूर्वीच नांदेडला परतली होती. "अण्णा, यांना इकलं म्हणं तुम्ही," इतकंच म्हणून तिने फोन नवऱ्याकडे दिला. सुदर्शनचा आवाज शांत होता, आणि जावयाचा आवाज शांत असणं ही कुठल्याही सासऱ्यासाठी वाईट बातमी असते.

"मामा, इकलं त्याचं काही न्हाई. खेळ म्हटल्यावर देणं-घेणं आलंच. पण दहा?"

"ते काय झालं, जावईबापू..."

"चाळीसला घेतलं अन् दहाला सोडलं. एवढा भाव तर जुन्या मोटारसायकलचाबी पडत न्हाई. आत्ताच शाळेचा शिपाई फोनवर मला 'बोला दहा गुण' म्हणून राहिला. ऐतवारी यायचं जमतंय असं वाटत न्हाई."

फोन बंद झाला. जावई धोंड्याला आला नाही, तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत गल्लीत हाच विषय पुरणार होता, आणि केवळाबाई तोपर्यंत बोलणार नव्हत्या. किंवा, त्याहून वाईट, बोलत राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी शेषेरावांनी सौदा मोडण्याची खटपट केली. सिद्धम्मांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कानडीत "इल्ला", म्हणजे नाही, म्हटलं. त्या तीस गुणांत त्यांनी दोन फॉरवर्ड केव्हाच भरले होते. मलप्पाला परत ठेवायला त्यांच्याकडे जागा उरली नव्हती. आणि मलप्पा तर हातात बॅग घेऊन अहमदपूरला उतरलाही होता. सहा फुटांचा, कमी बोलणारा गडी. तो येऊन शेषेरावांच्याच ओसरीवर बसला, कारण बाहेरगावच्या खेळाडूची राहण्याची सोय मालकाकडे असे. केवळाबाईंनी त्याला पाणी दिलं, पण कोणाच्या जागेवर आलाय हे त्याला कळेल अशा बेताने.

शेवटी शेषेराव नरसिंगरावांच्या घरी गेले. दुखणं देणाऱ्याकडेच औषध मागायचं, हा त्यांचा जुना स्वभाव.

"काहीतरी वाट काढा. सुदर्शनला परत आणा, मग मी धोंड्याचं वाण देतो अन् मिटवतो."

नरसिंगरावांनी चष्मा पुसला. "वाण? कोणाला?"

"जावयाला."

"म्हणजे संघमालक आपल्या खेळाडूला चांदी देणार. शेषेराव, देगलूरच्या मालकाने गेल्या वर्षी आपल्या फॉरवर्डला वाढदिवसाची भेट म्हणून दुभती म्हैस दिली होती. आठवते ना? तेव्हापासून नियम हाय. मालकाने खेळाडूला दिलेली वस्तू मानधनात धरायची. तुमचे शंभर गुण काठोकाठ भरलेत. सुदर्शन तुमच्याकडे असते अन् तुम्ही ते निरांजन दिलं असतं, तर मी स्वतः तुमचा संघ बाद केला असता."

"अन् ते निलंग्याकडे असताना?"

"तेव्हा ते तुमचे खेळाडू न्हाईत. नुसते जावई हायत. जावयाला काय द्यायचं, त्याला लीगची मर्यादा न्हाई."

शेषेरावांनी तिथूनच जावयाला फोन लावला आणि आपण हे सगळं धोंड्यासाठीच केलं, असं सांगितलं. सांगता सांगता त्यांनाही ते खरं वाटायला लागलं. चांदीचं निरांजन देता यावं म्हणून काळजावर दगड ठेवून तुम्हाला संघाबाहेर काढलं. अन् दहाला कामून, तर घासाघीस करत बसलो असतो तर ऐतवार निघून गेला असता.

"म्हणजे संघापेक्षा धोंडा मोठा मानला तुम्ही," सुदर्शन म्हणाला.

"हाव."

"मग येतो, मामा."

आनंद दोन तास टिकला. त्यानंतर सिद्धम्मांचा फोन आला. रविवारी संध्याकाळी सामना कोणाचा आहे, असं त्यांनी विचारलं. सामना अहमदपूर आणि निलंगा यांचाच होता. विरुद्ध संघाचा मालक सामन्याच्या दिवशी दुपारी आमच्या गोलकीपरला पुरण चारणार आणि चांदी देणार. याला तुमच्याकडे धोंडा म्हणत असतील, आमच्याकडे वेगळा शब्द आहे, असं त्या गुळाच्याच आवाजात म्हणाल्या. धोंडा अडवण्याचं पाप त्यांना नको होतं. त्यांची अट एकच होती.

"आमच्या सुदर्शनच्या ताटात जेवढं पडंल, तेवढंच मलप्पाच्या ताटात पडलं पायजे. मी स्वतः येऊन बसणार."

मलप्पा आपलाच खेळाडू, त्याचं जेवण मानधनात जाईल का, असं शेषेरावांनी घाबरत विचारलं. नरसिंगरावांनी अर्धा तास विचार केला. पोटात गेलेली वस्तू परत घेता येत नाही, सबब ती मानधनात धरता येत नाही, असा निकाल त्यांनी दिला आणि अंमलबजावणी पाहायला आपणही येतो म्हणून कळवलं.

रविवारी दुपारी केवळाबाईंनी दोन पाट मांडले. एकावर जावई, शेजारी सहा फुटांचा अविवाहित मलप्पा. दारात सिद्धम्मा, खिडकीशी नरसिंगराव. रीत तेहतीस धोंड्यांची. जावयांनी ताटातले चार-पाच उष्टवायचे आणि बाकीचे बांधून न्यायचे, असा सगळीकडे संकेत. पण दोन खेळाडू शेजारी बसले होते. सुदर्शनने सहावा उचलला, तसा मलप्पानेही उचलला. मग सुदर्शनने त्याच्याकडे पाहत सातवा उचलला.

"साकु," शेवटी मलप्पा म्हणाला. म्हणजे पुरे. केवळाबाईंना ते समजलं. पण पाहुणा पुरे म्हणाला की वाढायला सुरुवात करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण होतं. त्यांनी तुपाची वाटी ओतली. सिद्धम्मांनी लगेच बोट दाखवलं. तेवढंच तूप सुदर्शनच्या ताटातही पडलं. सृष्टी हसून हसून भिंतीला टेकली.

जावयाला निरांजन दिलं, कापड दिलं, शेषेरावांनी वाकून नमस्कार केला. सुदर्शनने त्यांना मध्येच धरलं, मिठी मारली आणि ढेकर दिला. केवळाबाईंना भरून आलं. त्या भरात त्यांनी मलप्पाच्या खांद्यावरही एक टॉवेल टाकला. नरसिंगरावांनी खिडकीतून हात घालून तो काढून घेतला.

"वस्तू हाय," ते म्हणाले.

मग सिद्धम्मा आणि नरसिंगरावांनाही पाट मांडले गेले. पंचांनी जेवू नये असा नियम त्यांनी लिहिलेला नव्हता.

संध्याकाळी अख्खं अहमदपूर मैदानावर लोटलं. व्यंकटीने हॉटेल बंद ठेवलं. चाळीस गुणांचा फॉरवर्ड विरुद्ध दहा गुणांचा जावई. सौदा कोणाला महाग पडला याचा फैसला आज व्हायचा होता. गोलकीपर नसल्याने अहमदपूरने उरलेले दहाही जण गोलासमोर उभे केले होते; निलंग्याच्या दोन नव्या फॉरवर्डांना त्यांतून वाट सापडेना. शेवटच्या मिनिटाला चेंडू मलप्पाकडे आला. समोर फक्त सुदर्शन, तोही गोलखांबाला टेकलेला. मलप्पाने दोन पावलं टाकली, थांबला, कमरेवर हात ठेवला आणि उभ्या उभ्याच चेंडू ढकलला. चेंडू सावकाश निघाला. सुदर्शनने वाकायचा विचार केला आणि सोडून दिला. लोक श्वास रोखून पाहत राहिले. चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे येऊन मातीत थांबला. शिट्टी झाली.

सामना शून्य-शून्य सुटला.