नगराळे साहेबांची वांगी

नगराळे साहेबांना भाजीतलं काही म्हणजे काही कळत नाही, आणि तरी ते आठवड्याला तीन बाजार करतात. शनिवारी एका गावचा, रविवारी दुसऱ्या, मंगळवारी कोर्ट सुटल्यावर तिसऱ्या. आमच्या गावचा बाजार घरासमोरच्या रस्त्यावर भरतो, तिथे कधी फिरकत नाहीत. एसटीत बसून लांबच्या खेड्यात जातात, तेही अंगात काळा कोट आणि गळ्यात पांढरी पट्टी लावून. मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसाला अंगावरचं कातडं काढून ठेवावंसं वाटतं, आणि हे कोट घालून वांगी निवडतात.

निवडतात कसले! दोडका आणतात तो लाकडासारखा. मेथी म्हणून शेपू आणतात. भाव करत नाहीत, त्यामुळे भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखतात आणि खालची कुजकी भाजी वर काढून ठेवतात. घरी आले की पिशवी माझ्या ओट्यावर ठेवतात आणि म्हणतात, "आजी, भाजी." स्वतः मागच्या खोलीत खिचडी शिजवून खातात. ती वांगी माझी शेळी खाते. शेळीचं साहेबांवर फार प्रेम आहे.

एकदा मी वांगं फोडून त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, कोर्टात तुमाले एवढं समजते, मंग यातली अळी काहून दिसत नाई?"

"अळी साक्ष देत नाही, आजी," ते म्हणाले.

साहेब आमच्या तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकील आहेत. माझे मालक एसटीवर ड्रायव्हर होते. ते गेले, कोर्टाच्या मागचं हे घर राहिलं, मागची खोली भाड्याने दिली. साहेबांना बायको आहे की नाही, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कोणी भेटायला येत नाही, फोनही वाजत नाही. मी चौथी शिकलेली बाई. वकिली मला कळत नाही. पण घर कोर्टाला लागून आहे आणि कान अजून शाबूत आहेत.

साहेबांची दुसरी खोड याहून वाईट. समोर बाई आली की ते तिच्या तोंडाकडे पाहत नाहीत, साडीकडे पाहतात. आधी पदराकडे, मग निऱ्यांकडे. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा खोली खाली करायला सांगणार होते. मग कळलं की ते घडी पाहतात. साडीवर दुकानातली घडी दिसली की साहेबांचा चेहरा उतरतो.

त्याचं असं आहे. नवऱ्याने मारलं म्हणून बाई पोलिसात जाते. कागद होतात, मग तारखा पडतात. तारखांमध्ये तिचा राग जातो, माहेरचा जीव जातो. भाऊ दोन वेळा तारखेला सोबत येतो, तिसऱ्यांदा त्याला काम निघतं. शेवटी साक्षीचा दिवस येतो, आणि त्या दिवशी सकाळी सासरची जीप येते. सासरा, दोन शहाणी माणसं, चिवड्याची पिशवी, आणि प्लास्टिकमध्ये नवी कोरी साडी. कोर्टासमोरच्या लिंबाखाली सगळे बसतात. बाईला साडी नेसवतात, तोंडात चिवडा घालतात. मग ती आत जाऊन सांगते की मी घसरून पडले होते. याला कोर्टात फितूर होणं म्हणतात. मी त्याला तसं म्हणत नाही. जिला परत त्याच घरात निजायचं आहे, ती दुसरं काय सांगणार?

अशीच एका तारखेला चार माणसं साहेबांच्या कोर्टातल्या खोलीत आली. ती खोली म्हणजे दोन टेबलं आणि एक पंखा, तोही माणसावर वारा न घालता कपाटावर घालणारा. त्यातला एक पुढारी हात जोडून म्हणाला, "साहेब, आमचं आपसात झालं."

साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "बाईचा दात आपसात पडला होता का?"

पुढारी हसला. साहेब हसले नाहीत. "पुढे?" म्हणाले.

हा त्यांचा शब्द. कोणी रडत आलं, "साहेब, मले लय मारलं," की हे म्हणणार, "पुढे?" बायका बाहेर येऊन म्हणतात, हा माणूस नाही, दगड आहे. मी एकदा सांगितलं, साहेब, छताला गळती लागली आहे. तेव्हाही म्हणाले, "पुढे?"

नव्या साडीवर त्यांनी एक उपाय काढला होता. तशी बाई दिसली की ते तिला गल्लीतून माझ्याकडे पाठवत. "आजींकडे जा, एखादी जुनी साडी मागा आणि ती नेसून या." मी विचारलं, यानं काय होते? म्हणाले, "आजी, नवी साडी नेसून बाई देणाऱ्याचं बोलते." माझ्या किती साड्या कोर्टात उभ्या राहिल्या, मला सांगता येत नाही. एक तांड्यावरची पोर होती, मला 'याडी, याडी' म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती माझ्या पोपटी साडीत उभी राहिली आणि सगळं खरं बोलली. नवऱ्याला शिक्षा झाली. ती साडी तिने काही परत आणली नाही. मी साहेबांकडे तक्रार केली, तर म्हणाले, "ती तुमची जिंकलेली एकमेव साडी आहे, आजी. जाऊ द्या."

मग माझ्या भावाच्या पोरीची, शोभाची, तारीख आली.

शोभाच्या नवऱ्याने, गजाननने, लोखंडी फुंकणीने तिचा हात मोडला होता. हात वाकडाच जुळला. केस चालली तोवर ती तिच्या भावाकडे आर्णीला राहिली. सहा वर्षांची पोरगी पिंकी सासरच्यांनी ठेवून घेतली होती. साक्षीच्या सकाळी शोभा माझ्या दारात उभी राहिली. अंगावर पिवळी साडी, हिरवा काठ, निरीवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"साहेबांनं पाठवलं," ती म्हणाली.

मी पेटीतून साडी काढली. तिने हातात घेतली नाही. "राहू द्या आत्या. हे बदलली तं ते मले आज नेणार नाईत."

"तं नको जाऊ."

"पिंकी तिकडं हाये."

"तिले आणू. इथं राहा माह्यापाशी."

"किती दिस? तुमी मेल्यावर काय करू?"

माझं वय तिला दिसत होतं. मी पेटी बंद केली आणि तिच्या निरीवरची चिठ्ठी तेवढी काढून टाकली.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले. शोभा पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "चुलीपाशी पाय घसरला. मी पडली." साहेब उठले. साक्षीदार फितूर झाली, उलट प्रश्न विचारायची परवानगी द्या म्हणाले, आणि मग तिच्यावर तुटून पडले.

"पोलिसांना नवऱ्याने मारलं म्हणून सांगितलं होतं?"

"हो."

"ते खोटं होतं?"

"हो."

"डॉक्टरांना सांगितलं, तेही खोटं?"

"हो."

"आरोपीशी तडजोड झाली, म्हणून आज तुम्ही कोर्टात खोटं सांगत आहात."

"नाही जी."

वाकडा हात पदराखाली झाकून ती उभी होती. ज्याने मारलं तो गजानन बाकावर पाय हलवत बसला होता, त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. जिने मार खाल्ला ती खोटारडी ठरली, आणि ठरवणारा तिच्या बाजूचा वकील. गजानन निर्दोष सुटला आणि त्याने बाहेर सगळ्यांना चहा पाजला. जीप धूळ उडवत गेली.

संध्याकाळी साहेब ओट्यावरून जाताना मी म्हटलं, "लाज नाई वाटली तुमाले, पोरीले असं सोलून काढाले?"

"वाटली," साहेब म्हणाले. "पुढे?"

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते भाजी आणत राहिले, मी शेळीपुढे टाकत राहिले.

दिवाळीनंतर मी शोभाकडे गेले. तिचं गाव घाटंजीच्या बाजूला आहे. मंगळवार निवडला, कारण त्या दिवशी तिथे बाजार असतो आणि एसटीच्या फेऱ्या जास्त असतात. पिंकीसाठी बांगड्या घ्याव्या म्हणून मी दुपार कलल्यावर बाजारात शिरले. बाजार शोभाच्या घरासमोरूनच सुरू होतो. बांगड्यांच्या दुकानात हात पुढे करते तोच समोर काळा कोट दिसला. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती, तरी कोट होताच.

साहेब शोभाच्या दारासमोरच्या भाजीवालीकडे उकिडवे बसून वांगी चाचपत होते. गजानन स्वतःच्या ओट्यावर बसला होता. साहेबांना पाहून तो उभा राहिला.

"काय गजानन, बरं चाललंय?"

"हो साहेब."

"घरचे सगळे बरे?"

"बरे हाये साहेब."

"बाई दिसत नाहीत."

गजाननने आत तोंड करून हाक मारली, "शोभे, बाहीर ये. साहेब आले."

शोभा दारात आली. साहेबांनी तिला एक शब्द विचारला नाही. सवयीप्रमाणे आधी पदराकडे पाहिलं, मग हातांकडे, मग पायांकडे, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, शेवटी तिच्या तोंडाकडे. मग भाजीवालीला म्हणाले, "अर्धा किलो द्या." ती कुजकी वांगी पिशवीत टाकून ते एसटीकडे गेले. मी बांगड्यांच्या माळांमागे होते. त्यांना दिसले नाही.

गजानन बाजारात गेल्यावर मी शोभापाशी बसले. ती तांदूळ निवडत होती.

"हा मानूस नेहमी येते का?"

"दर मंगळवारी येते. पानी असो का ऊन असो." तिने एक खडा काढून फेकला. "त्याच्या पायी बाजाराच्या दिवशी नवरा मारत नाई. आंगावर खूण दिसंल म्हनून सोमवारी बी नाई."

"आन् मंग?"

तिने सूप जरा जोरात आपटलं. "बाजार हप्त्यातून एकच असते आत्या."

येताना एसटीत मी शनिवारचं आणि रविवारचं गाव आठवत बसले. त्या गावांच्या पोरी माझ्या दारात येऊन गेल्या होत्या. साहेबांनी साडी बदलायला पाठवल्या होत्या आणि त्यांनी ती बदलली नव्हती.

घरी आले तर पिशवी ओट्यावर होती. मी वांगी चिरली. निम्मी फेकावी लागली, उरलेल्यांची भाजी केली आणि ताट घेऊन मागच्या खोलीत गेले. साहेब खिचडीचं पातेलं धुवत होते.

"शोभाकडं गेलती," मी म्हटलं. "तुमाले पाह्यलं."

"पुढे?"

"बाजाराच्या दिवशी मारत नाई म्हन्ते. सोमवारीबी नाई." मी ताट खाली ठेवलं. "पुढचं तुमीच सांगा."

साहेबांनी पातेलं पुन्हा एकदा धुतलं. मग चष्मा काढला आणि तोही धुतला. आपण कायद्यातून काही करू, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी ताट परत आणलं असतं. खाली बसून त्यांनी भाजी खाल्ली. एका घासात अळी निघाली, ती त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली.

शुक्रवारी कोर्ट सुटल्यावर साहेब घरी आले. कोट काढला नाही. खुंटीवरची रिकामी पिशवी काढून झटकली आणि घडी करून काखेत धरली.

मी ओट्यावर शेळीला पाला घालत होते. "आज कुठचा बाजार?"

"आज कुठेच बाजार नाही, आजी," साहेब म्हणाले, आणि घाटंजीच्या एसटीसाठी स्टँडकडे चालू लागले.